पाचव्या मजल्यावरचा आवाज

भिंतीला कान असतात म्हणतात.
मिर्डझाबाईंच्या नव्या टीव्हीने
ते अगदीच मनावर घेतलं होतं :
बोटभर जाडीचा, आवाजाची भोकं पाठीला,
बातम्या आपल्याला दाखवायचा
आणि सांगायचा भिंतीला.

पैसे मुलीने डब्लिनहून पाठवलेले.
घर रीगाच्या पार टोकाला,
जिथे दौगावा समुद्राला मिळते
आणि लिफ्ट मार्चपासून बंद आहे.
"सगळे तोंडात गुळणी धरून बोलतात,"
बाई फोनवर म्हणाल्या. "तुम्ही फक्त या.
पेट्या माझ्याकडे आहेत."

पेट्या म्हणजे दोन स्पीकर, तेवीस-तेवीस किलोंचे,
एकावर जिरेनियमची कुंडी, दुसऱ्यावर इस्त्री.
ज्या कारखान्यात एकोणीस वर्षं
बाई कागदी शंकूंना डिंक लावत होत्या, तिथलेच.
ओरखडा पडलेला माल कामगारांना अर्ध्या किमतीत मिळे.
"ओरखडा मीच पाडला होता,"
इस्त्री उचलून त्यांनी तो दाखवला.

आधी मी सोपा रस्ता धरला, बिनतारी.
ओठ पुढे, शब्द मागून.
मंत्र्याने तोंड मिटलं, तरी आश्वासन चालूच.
"आमचे आर्विड्स असेच," बाई म्हणाल्या,
"तोंड हलायचं संध्याकाळी,
अर्थ पोचायचा सकाळी.
नको. तार घाला."

टीव्हीच्या पाठीमागे चाचपडत गेलो.
लाल-पांढरी भोकं नाहीत, हेडफोनचंही नाही.
टिकलीएवढं एक चौकोनी दार,
नखाने ढकललं की आत लाल उजेड.
"आवाज आता यातून येतो?"
"यातूनच."
त्यांनी उजेडापुढे तळहात धरला, थोडा वेळ,
आणि तपासनिसाच्या सुरात म्हणाल्या,
"गरम नाही."

त्या उजेडाचा पुन्हा आवाज करणारी डबी
काडेपेटीएवढी, माझ्या खिशात होती.
पण जुन्या ॲम्प्लिफायरचा प्लग पाच काट्यांचा;
स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाग द्यायला बसलो,
तर बाईंनी हातातून इस्त्री काढून घेतली,
म्हणजे डाग द्यायची. "आधी तार तापव,
कथील आपण होऊन येतं."
ब्याऐंशी वर्षांचा हात. थरथर फक्त
टेकवण्याआधी.

जोडलं. शांतता.
मेनूत शिरलो, ध्वनी, आउटपुट, ऑप्टिकल,
मग त्याखालचा तो पर्याय, जो कुणी कधी बदलत नाही,
तो बदलला, आणि उजवी पेटी बोलू लागली.
डावी नुसती खरखरली.
उघडली, तर शंकूभोवतीची कड
शिळ्या केकसारखी हातात आली,
आणि आत, लाकडावर, पेन्सिलीने :
*मि.कडून तीन रूबल येणे. आउस्मा.*

मी वाचून दाखवलं.
बाईंनी चष्मा शोधला नाही.
"बघा," एवढंच म्हणाल्या,
आणि चहा करायला गेल्या;
किटली बराच वेळ शिट्टी मारत राहिली.

नवी कड चिकटवली, ती त्यांनीच.
डिंक वाळायला दोन तास,
तेवढ्यात मी दोनदा खाली जाऊन आलो
आणि गुडघ्यांनी वयाची जाणीव दिली.

मग हवामानाच्या बातम्या.
रीगाच्या आखातावर वारा, रात्री उणे चार.
निवेदिकेने श्वास घेतला, तो ऐकू आला.
कागद उलटला, तोही.
"हिला सर्दी झालीय," बाई म्हणाल्या,
"आणि कुणी हिला सुट्टी देत नाही."

माझे पंचवीस युरो त्यांनी मोजून दिले.
आणखी तीन नाणी काढली,
ती मला नाही दिली,
डाव्या पेटीवर ओळीने ठेवली,
जिथे इस्त्री असायची.

आवाज चौदावर होता.
चौथ्या मजल्यावरून कुणीतरी
गरम पाण्याच्या पाइपावर चमचा आपटला, तीनदा.
मी रिमोट उचलला.
"राहू दे," बाई म्हणाल्या.
"सहा वर्षं झाली, माझ्यावर कुणी
पाइप वाजवला नव्हता."
आणि मग, बेताने, स्वतःच,
बारावर आणला.