लेकी बोले

मुहर्रकच्या बाजारात, खजूरवाल्याला लागून,
माझं काम कॅसेटी उतरवायचं.
एकीवरून दुसरीवर, तासाला चार.

खलफ बू-दऊजच्या डाव्या डोळ्यात पांढरं आलं होतं.
आमच्याकडे ह्याला मोतीबिंदू म्हणतात, मी सांगितलं.
हसला. म्हणजे एक तरी मोती
माझ्याकडे राहिला म्हणायचा.

त्याचं गाणं एवढंसं:
पाणबुड्या खालून दोर हलवतो,
दोरवाला नाखव्याच्या तोंडाकडे बघतो,
नाखवा जेवतोय.
बाकी सगळी मातीच्या घड्यावर थाप.

नाखवा! हर्णैला आमचाही तोच शब्द,
तेच मीठ लागलेला.

मग साहेब आले. इस्त्रीचे, हळू बोलणारे.
हा नाखवा कोण?
माझ्या बापाचा, साहेब. कर्ज मागे ठेवून मेला.
कोण मेला?
बाप. नाखवे कुठे मरतात.
आणि जेवतोय काय?
भात. मासळी.
साहेबांनी मासळी लिहून घेतली.

सहावीत खोत गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं:
अन्योक्ती. लेकी बोले सुने लागे. गुण पाच.
मला तीन पडले.
सून कोण ते उत्तरात लिहायचं नसतं,
हे तेव्हा सांगितलं असतंत, गुरुजी.

नाखवा कापला.
दुसऱ्यांदा गाताना त्या जागी
खलफने फक्त श्वास भरून घेतला,
बुडी मारायच्या आधी भरतात तसा,
आणि सोडलाच नाही.
दुकानात उभे होते तेवढे सगळे
तसेच राहिले, छाती फुगवून.
खजूरवाल्याच्या हातात तराजू.
त्या महिन्यात रात्रीही मशीन चालू ठेवावं लागलं.

मग खलफ यायचा थांबला.
घडा माझ्या टेबलाखाली.
कोणी विचारलं तर मी म्हणे, पाण्याचा आहे.

मलाही बोलावलं. कागद पुढे सरकवला:
"मला अरबी येत नाही, गाण्याचा अर्थ मला ठाऊक नाही."
अरबीत होतं.
मी नीट वाचलं आणि पेन मागितलं.

सही तुझ्या लिपीत चालेल, म्हणाले.
मी लिहिलं: दोर ओढा.
हे काय?
नाव, म्हटलं. माझं, आणि पुढे बापाचं.

त्यावर शिक्का बसला, गोल, निळा.
सतरा वर्षं झाली.
नाखव्याचं जेवण चाललंय.