तूट

काय्यानीच्या गोळ्यांच्या कारखान्यात
नोव्हेंबर लागल्यापासून तूट येतेय.
लिंबाच्या गोळ्या बरोबर, रासबेरीच्याही बरोबर,
फक्त साल्मियाक्की, खारट, काळीकुट्ट,
सेन्सरसमोरून जाते
आणि गेलीच नाही असं होतं.
पेट्या ओसंडतात, आकडा उपाशी.
जास्त भरलेल्या पेटीची तक्रार कोण करतो?
ताइस्तो केम्पाइनेन मात्र
पाळी सुटताना कामगारांचे खिसे बघतो.

रात्रपाळीची इलेक्ट्रिशियन आउने हुट्टुनेन
पट्ट्याशी गुडघे टेकून बसली.
लाल ठिपका रासबेरीवर पडतो, उसळतो, परत येतो.
साल्मियाक्कीवर पडतो
आणि टीपकागदानं शाई प्यावी तसा
संपतो.
जिच्यावर तेलाचा हात जास्त फिरलाय
ती थोडा उजेड फेकते, पण भलतीकडे, छताला.

तिनं बारीक स्क्रू पाव फेरा पिळला.
डोळा तापला. आता तो पट्ट्याचा सांधा मोजू लागला,
तिच्या बाहीचं बटण,
एकदा तर नुसती वाफ.
स्क्रू पुन्हा होता तिथे.

चार वाजता कॉफी. समोर खुंटीवर कोट,
कोटाच्या खिशाला दोऱ्यानं लोंबणारं
प्लॅस्टिकचं घुबड, रिफ्लेक्टर,
नगरपालिकेनं फुकट वाटलेलं,
अंधारात मोटारींना माणूस दिसावं म्हणून.
आउने बघत राहिली. कॉफी निवली.
मग दोरा कापला
आणि घुबड चिकटपट्टीनं
पट्ट्याच्या पलीकडे, डोळ्यासमोर बसवलं.
आता उजेड जातो, परत येतो, जातो, परत येतो.
गोळी आली की येत नाही.
आतली खिटी तिनं उलटी केली:
न येणं म्हणजे एक.
न येणं, न येणं, न येणं.
तीन.

सहाला पाळी सुटली. बाहेर मिट्ट.
यंदा बर्फ लांबलाय; पडला असता
तर निदान मागे पांढरं असतं.
काळा कोट, काळी लोकरी टोपी, ओलं डांबर.
पहिली मोटार शिंतोडे उडवत गेली.
दुसरी पार कोपराशी येऊन भानावर आली.
आउनेनं खिसा चाचपला. नुसता दोरा.

थांब्यावर जाहिरातीची पेटलेली काच,
शाम्पूवाली बाई, हसरी, माणसाच्या दुप्पट.
आउने आधी बाजूला उभी होती,
मग सरकली, नेमकी तिच्या पुढे.

बस थांबली. चालक करवादला,
"रिफ्लेक्टर कुठाय? तुम्ही दिसलाच नाहीत.
ती बाई गळ्याखाली गायब झाली
तेव्हा कळलं, कुणीतरी आहे."

"मोजलंत ना, मग झालं," ती म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजून दिले
काळ्या पडलेल्या बोटांनी.
खिडकीशी बसल्यावर एक बोट चाटून पाहिलं.
खारट.