मे महिन्यातले दोन खेळ

गोकुळपेठेत वाचनालयाच्या माडीवर
खसाचा कूलर, पंधरा खुर्च्या.
शनिवारी लखनौची बाई, रविवारी क्योटोची.

मी वहीत रेघ ओढून दोन रकाने केले.
हिचे घुंगरू, तिचं तीन तारांचं वाद्य.
हिचा पदर ढळतो; तिची मान मागून उघडी,
पांढऱ्या रंगात कातडीची एक पट्टी
मुद्दाम कोरी सोडलेली.
हिला शेर सुचतात, तिला गप्प राहता येतं.
प्रियकर दोघींचेही भित्रे.
इथवर सोपं होतं.

शेवटच्या खुर्चीत इतवारीची कौतिकाबाई,
घागऱ्यांना टिकल्या लावणारी.
तिच्या मावशीचा विषय
आमच्याकडे कोणी काढत नाही.
दिवे लागल्यावर विचारलं, कोणती आवडली?
डब्याचं झाकण दाबत म्हणाली,
"दोघीयले बी कोनी इचारलं नाही,
जेवली काय म्हून."

रकाने तसेच राहिले.

खाली शेहेचाळीस डिग्री.
ओला दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळून
ती ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून भांडली,
आपल्या बोलीवर अडून राहिली.
तो निघून गेला.
ती दुसऱ्याला हात करत
उन्हातच उभी.