एक दिवसाआड

आज पाण्याचा दिवस नाही.
तरी चारला जाग आली
आणि पडल्या पडल्या ऐकत राहिलो
नळाचा कोरडा घसा.

तू असतीस तर कूस बदलून म्हणाली असतीस,
झोपा. नर्मदा उद्या आहे.

पाणी आलं, असं तू कधी म्हणालीच नाहीस.
नर्मदा आली, नर्मदा गेली,
आज नर्मदा गढूळ आहे, उकळून घ्या.
धुणंभांडीवाली यावी तशी
एक अख्खी नदी सुदामानगरात यायची,
कधी वेळेवर, कधी दांडी मारून,
आणि तू पदर खोचून मोरीत.

अकरा वर्षं मी जलूदच्या पंपावर.
शनिवारी शेवटच्या बसनं घरी,
सोमवारी अंधारात परत.
मी खाली बटण दाबायचो,
नदी घाट चढायची,
आणि इथे तुझ्या पितळी घागरीत
तिचा आवाज
गळ्यापर्यंत यायचा.

"बुधवारी जोर नव्हता हो."
एवढीच तुझी पत्रं. तीही तोंडी,
शनिवारी, ताट वाढताना.
मी म्हणायचो, व्होल्टेज.
तू म्हणायचीस, हाव, व्होल्टेजच असेल,
आणि वरणावर तूप थोडं जास्त पडायचं.

आमचे हे पाणी पाठवतात,
असं तू चौहानबाईंना गमतीनं सांगितलंस.
त्यांना ते खरंच वाटलं.
नळ गेला की बादली घेऊन त्या दारात,
"भाभीजी, भाईसाहब से बोलो ना."

श्रीरंगचा गोवर, त्याचं गणितात नापास होणं,
बेबीला पाहायला आलेले उज्जैनचे लोक,
तुझी आई गेली ते,
सगळं मला शनिवारी कळलं.
कधी तक्रार केली नाहीस.

खोटं आहे.
एकदा केलीस. दार लावून, हळू आवाजात:
नदीला घाट चढता येतो,
तुम्हाला एक बस मिळत नाही?
त्या सोमवारी मी गेलो नाही.
मंगळवारी गेलो.

पुढे सानिकाला न्हाऊ घालताना
तू तांब्यातांब्याला विचारायचीस,
पाणी कोणी पाठवलं?
ती साबणाचे डोळे मिटून ओरडायची, आजोबांनी!
मला निवृत्त होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.
दुसरीच कोणी पोरं बटणं दाबत होती.
तू तिला दुरुस्त केलं नाहीस.
मीही नाही.

तुझ्या अस्थी खेडीघाटावर सोडल्या.
गुरुजी म्हणाले, मागे वळून पाहायचं नाही.
नाही पाहिलं.
पण डोक्यात आकडे सुरू झाले, नोकरीची सवय:
खेडीघाट वर, जलूद खाली,
धार किती, दिवस किती,
मग जाळी, तुरटी, क्लोरीन,
मग पंप. मग चढ.
कोणाला बोललो नाही.
श्रीरंग डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

परवा बुधवारी पहाटे नळ खाकरला.
घरात कोणी हललं नाही,
तेव्हा लक्षात आलं, उठायचं मला आहे.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
पाइपाच्या या टोकाला.
घागरीच्या तोंडाला फडकं कसं बांधतात, माहीत नाही.
चावी कुठवर फिरवायची, माहीत नाही.
सानिका झोपेत चालत आली, भिंतीला टेकली, म्हणाली,
पहिली बादली कढीपत्त्याला.
आजी तशीच करायची.

पहिली बादली कढीपत्त्याला घातली.
दुसऱ्या वेळेला ओंजळ धरली,
आणि ती प्यायची की नाही
हे बराच वेळ ठरेना.
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं.
गार होतं. स्वच्छ होतं.
चौहानबाईंच्या घरीही तेच भरलं जात होतं,
साऱ्या गल्लीत बादल्या वाजत होत्या.

आज शनिवार.
बेबी अजून आहे इथे, ताट तीच वाढते.
रात्री जेवायला बसलो की सांगेन म्हणतो,
बुधवारी जोर चांगला होता हो.