तीनदीपपाहे

ग्रामीण रुग्णालयात, तेरा नंबरच्या खोलीत
मी लोकांकडून अक्षरं वाचून घेतो.
सहा मीटरवर तक्ता. वरचं अक्षर टोपल्याएवढं,
खालची ओळ मुंग्यांची.
ती ओळ कोणी डोळ्यांनी वाचत नाही,
बाकावर बसून पुढच्याचं ऐकलेलं म्हणतात.
मी रागावत नाही.
प्रत्येक डोळ्यात तिळाएवढा अंधबिंदू असतो,
तिथलं भोक अजून कोणाला दिसलेलं नाही.
मन शेजारचं ओढून ठिगळ लावतं.

पंचफुलाबाई ढोमणे. दोन्ही मोतीबिंदू पिकलेले,
तरी श्रावणात देवळातली पोथी तीच वाचायची.
हातानं लिहिलेली पोथी, शब्दांत फट नाही,
अक्षरं एका दोरीला टांगलेली,
गाठ माराल तिथे शब्द.
सातव्या अध्यायात राणी रात्रभर दाराशी,
आणि ओळ : तीनदीपपाहे.
तीन दीप पाहे, असं बाई बावीस वर्षं वाचत आली.
त्या ओळीला तीन दिवे लागायचे.
बुवा सांगायचे, काया, वाचा, मन.

ऑपरेशननंतर आली ती पिशवीत पोथी घेऊनच.
"डोया साफ झाला तं दिवा एकच दिसते, बाबू.
पयले तीन दिसे. मले वाटे, लिवलंच हाय तसं."
लाल फडकं सोडलं. नख ओळीखालून सरकलं,
थांबलं.
ती. न. दीप पाहे.
"दिवा म्होरं हाय, अन् तिले दिसतच नाई,
वाट पाहू पाहू."
मग जरा वेळानं,
"मंग इतक्या वर्साचं तेल कोनाच्या नावानं गेलं?"

मी वाकून पाहिलं.
तिला सांगितलं नाही की माझी नजर आधी
'ती नदी' म्हणाली
आणि पुढच्या प-ला ठेचकाळली.
माझं गाव धरणात गेलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.
कार्डावर मी लिहिलं, उजवा सहाला नऊ, डावा नंतर.

श्रावणात तिनं निरोप धाडला. मी मागे,
खांबाला टेकून.
सातवा अध्याय आला.
सहा अक्षरं ती एका श्वासात म्हणाली,
कुठेच न तोडता,
आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.
तुळसाची पोरगी काडीपेटी घेऊन बसलेली.
पहिला दिवा लावला.
दुसऱ्याच्या वातीशी नेलेली काडी तशीच धरून
ती बाईकडे बघत राहिली,
बोटाला चटका बसेपर्यंत.