एकशे दहा प्रश्न

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही.
समुद्राचा वार तो, त्याला एकट्याला सोडायचं.
तो दिवस गाठून मी दारोदार फिरलो,
काखेत आक्राहून आलेला गठ्ठा:
आपलं कृपादान ओळखा.
एकशे दहा प्रश्न, प्रत्येकापुढे शून्य ते तीन.

आराबा मावशीला अक्षर येत नाही.
मी वाचत गेलो, ती भट्टीवरचे
सोमवारचे मासे उलटत गेली.

"आत्म्याने भरून परभाषेत बोललीस कधी?"
"धुराने डोळे भरले की बोलते काहीबाही. ते नको लिहूस."
"पुढचं काही दिसतं तुला?"
"एकदा. क्वामेना त्याच्या लग्नात नाचत होता,
वाटलं, हा फार दिवस पुरायचा नाही.
पण असं येतंच माणसाच्या मनात. घाल शून्य."
मी घातलं.
"हात ठेवल्यावर कुणी बरं झालं?"
तिने हात पुढे केले. चाळीस वर्षांच्या आगीने
बधिर झालेली बोटं, काळी नखं.
"हे ठेवले तर लेकरं रडतात."

बेरीज अकरा. तीनशे तीसपैकी.
त्यातले चार मी दयेने वाढवलेले.
माझे स्वतःचे दोनशे सहासष्ट;
पाळकांना दोनदा सांगून झाले होते.

निघताना म्हणालो, "मागत राहा मावशी,
तो प्रत्येकाला काहीतरी देतो."
ती म्हणाली, "जाताना तेवढं सरपण आत ढकल,
आभाळ भरलंय."
माझ्या हातात कागद होते.
मी मान डोलावली आणि निघालो.

गुरुवारी रात्री पाऊस थांबला तेव्हा धुकं उतरलं,
हात लांब केला तर हात दिसेना.
वीज गेलेली. एक होडी बाहेर, चौघे जण.
होडीचं नाव 'कोण जाणे'.

प्रार्थनाघरात आम्ही पत्रा हादरेपर्यंत विनवण्या केल्या.
मी विश्वासावर बोललो. बरं बोललो.
मावशी मधूनच उठून गेली.
राग आला मला, खरं सांगतो.

बाहेर वाळूवर बावीस भट्ट्या, गावातल्या सगळ्या बायांच्या,
आणि ती एकटी, मासा नसताना भट्ट्या पेटवणारी.
एकीतले निखारे नुसत्या हाताने उचलायची,
दुसरीत ठेवायची. निखारा विझायचा.
"सरपण भिजलंय," म्हणाली.
कुणामुळे, ते म्हणाली नाही.
"कोरडं आहे काही?"

होतं. काखेत.
आधी तिचे अकरा गेले, मग सगळी मंडळी,
घराघरांतले आकडे भडकून उठले.
शेवटचा कागद मी जरा वेगळा धरला होता.
ती काही बोलली नाही. हात पुढे केला.

मग पाळक मागच्या रांगेतला बाक घेऊन आले,
मग दुसरा. कुणी कुऱ्हाड आणली.
एफुआचा आवाज मोठा,
तिला मावशीने गुडघाभर पाण्यात उभं केलं. "ओरड."
"कोणत्या भाषेत?"
"जिला पोहता येतं, तिच्यात."

पहाटे 'कोण जाणे' वाळूला लागली.
उजेड दिसला म्हणाले, आधी नाही, आवाजानंतर.
तिघे उतरले.

चौथा क्वामेना.

मला ते शून्य आठवलं. सांगायला गेलो.
मावशी राख चाळत होती,
न जळलेला कोळसा वेगळा काढत.
"ते राहू दे," म्हणाली.
"त्याच्या घरी आज पाणी भरलेलं नसेल."
आणि हंडा पुढे केला.
माझे हात रिकामे होते.