शून्य कुठून

आयर्विन पुलाच्या खांबावर
पांढऱ्या पट्टीवरचे काळे आकडे पुन्हा रंगवायचे,
हे दर मे महिन्यातलं माझं काम.
दोन डबे, दोरी, शिडी
आणि खाली हिरवट, सुस्त कृष्णा,
जिच्याकडे बघून वाटावं
ही बाई कधी आवाजसुद्धा चढवणार नाही.

पुरात मी फूट सांगायचो.
कोयनेवरून फोन यायचा, ते क्युसेक सांगायचे.
महापालिका विचारायची, पायऱ्या किती बुडाल्या?
पलीकडच्या राज्यातले साहेब मीटर सांगायचे, समुद्रापासून,
जो दत्तनगरातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही.
आणि रात्री दोनला ताराबानू मुजावर विचारायची,
"मगदूम, माझ्या शिलाई मशीनपर्यंत यायला किती वेळ?"
त्याचा तक्ता माझ्याकडे नव्हता.

मग एका वर्षी सगळे एका टेबलाशी बसले.
बसवले गेले, असं म्हणा.
पाटबंधारे, महसूल, रेल्वे, वीज, रस्ते, महापालिका;
जितके नकाशे तितक्या नद्या.
पहिला दिवस चहात गेला.
दुसरा, रस्त्याचा भराव कुणी घातला यात.
तिसऱ्या दिवशी गलगले मॅडमनी पेनाला टोपण लावलं
आणि विचारलं, "तुमचं शून्य कुठून सुरू होतं?"

सहा खात्यांची सहा शून्यं निघाली.
कुणाचं पुलाच्या पायाशी, कुणाचं समुद्रात,
एकाचं तर अशा दगडावर
जो रस्ता रुंद करताना कधीच खडीत गेला होता.
मागच्या खुर्चीवर मला हसू आलं,
मग आलं नाही.
एकोणतीस पावसाळे मी आकडा ओरडत होतो
आणि पलीकडे कान तेवढे अर्थ.

एक शून्य ठरवायला दोन वर्षं गेली.
आता ते पितळी खिळ्यात आहे, घाटाच्या एका पायरीत.
पायरी शेवंता परटिणीनं दाखवली:
"ही बुडाली की मी गाठोडं उचलते.
आईपण हिलाच बघून उचलायची."
इतिवृत्तात तिचं नाव नाही.
खिळा आहे.

मग चुन्याची रेषा निघाली
नाल्याच्या जुन्या तोंडाकडे.
तो नाला कागदावर कुठंच नव्हता,
म्हाताऱ्यांच्या बोलण्यात होता,
"हितं आम्ही खेकडं धरायचो."
खेकड्यांच्या जागी अकरा गाळे.
चौथा माझ्या मेव्हण्याचा, टायरचा,
कर्जाला जामीन मी,
आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सहीही माझीच.
मेव्हणा आठ महिने बोलला नाही.
नवव्यात बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ताराबानूला कुपवाडकडे खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर.
"पाण्यापासून वाचले,
पण ब्लाउज शिवायला इतके जिने कोण चढतं?"
हे तिनं अर्जात लिहून दिलंय.
अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर.
सगळं जुळलं, असं कुणी म्हणू नये.

यंदा ऑगस्टात, रात्री दोनला,
आकडा मी एकदाच सांगितला.
कराडनं ऐकला, भिलवडीनं ऐकला, खाली अंकलीनं.
वरचे दरवाजे थांबत थांबत उचलले,
खालचे आधीच उघडे होते.
कुणी परत विचारलं नाही, म्हणजे नक्की किती?
रिसीव्हर ठेवल्यावर मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

पाणी आलं.
ते येणारच, त्याचं घर वरच्या डोंगरात आहे
आणि वाट आमच्या दारावरून.
नाल्याच्या तोंडातून आत वळलं,
पाडलेल्या गाळ्यांच्या फरश्यांवर पसरलं
आणि तिथंच बसलं,
जागा करून दिलेल्या माणसासारखं, थोडं अवघडून.
मारुती चौकात लोक पुलाकडे तोंड करून उभे होते,
कोरड्या पायांनी.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा आला, पँट दुमडून.
चालत चालत चौथ्या चौकोनात जाऊन उभा राहिला.
गुडघ्याखाली गढूळ, संथ.
बराच वेळ पायाकडे बघत होता.
"किती आहे रे?"
मी सांगितलं.
तो म्हणाला, "कुठून?"